समुद्राचा दोष, घराचे ऋण

रायपूरहून समुद्र कुठल्याच दिशेने जवळ नाही. त्यातल्या त्यात जवळचा किनारा विशाखापट्टणमचा, आणि तोही रेल्वेने पाचशे किलोमीटरहून दूर. तरीही तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी या भागांत नांदणाऱ्या मराठी घरांतून हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुले-मुली आता क्रूझ जहाजांवर नोकरी धरण्याचा विचार करतात. सहा ते नऊ महिन्यांचा करार, डॉलरमधला पगार, राहणे-जेवण जहाजावरच, आणि करार संपेपर्यंत आठवड्याची सुटी नाही. घरात ही गोष्ट निघाली की वडीलधारी माणसे पगाराबद्दल थोडे विचारतात आणि बाकीचे बरेच काही विचारतात. तिथे ताटात काय वाढावे लागेल? गोमांस, दारू? श्राद्धपक्ष, एकादशी, गणपती यांचे काय? आणि शेवटी, आमचे काही बरेवाईट झाले तर तू कुठे असशील? हे प्रश्न मागासलेपणाचे म्हणून हसण्यावारी नेण्याची आपल्याला सवय झाली आहे. मला ते हिशेबात घेण्यासारखे वाटतात, कारण त्यांतले काही चुकीच्या जागी बोट ठेवतात आणि एक अगदी नेमक्या जागी ठेवतो. कोणता प्रश्न कुठे पडतो हे कळायचे असेल तर सागरोल्लंघनाच्या जुन्या निषेधापासूनच सुरुवात करावी लागते. आज तो निषेध कोणी उघडपणे मानत नसले, तरी त्याची भीती वेगवेगळी रूपे घेऊन घरात टिकून आहे.

निषेध खरा होता, यात शंका नाही. बौधायन धर्मसूत्राने पतनीय कर्मांच्या यादीत समुद्रप्रवास अगदी आरंभी घातला आणि त्याला तीन वर्षे चालणारे कठोर व्रत सांगितले. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला बोलावू नये अशांची जी लांबलचक यादी आहे, तिच्यात घर जाळणारा आणि विष घालणारा यांच्या पंक्तीला समुद्रावर जाणाराही बसवला आहे. पण हेच ग्रंथ जरा पुढेमागे वाचले की चित्र बदलते. उत्तरेकडचे लोक कोणकोणते वेगळे आचार पाळतात ते बौधायन सांगतो, तेव्हा लोकरीचा व्यापार आणि शस्त्रांचा व्यवसाय यांच्या जोडीने समुद्रावर जाणे हाही त्यांचा रूढ आचार म्हणून नोंदवतो. मनूच्या आठव्या अध्यायात समुद्रप्रवासात वाकबगार असलेले व्यापारी व्याजाचा दर ठरवतात, आणि त्यांनी ठरवलेला दर प्रमाण मानावा असे सांगितले आहे. ऋग्वेदात तुग्राचा मुलगा भुज्यू भर समुद्रात सापडतो आणि अश्विनीकुमार त्याला शंभर वल्ह्यांच्या नावेतून सुखरूप परत आणतात. त्या कथेत भुज्यूने पाप केले असे कोणी म्हणत नाही. म्हणजे समुद्रावर जाणारी माणसे होती, समाजाला त्यांची गरज होती, त्यांच्या ज्ञानावर पैशाचे व्यवहार चालत होते, आणि तरीही एका विशिष्ट वर्गाने जाऊ नये असे कोणाला तरी वाटत होते.

पुढे मध्ययुगात कलिवर्ज्यांची प्रकरणे तयार झाली, म्हणजे पूर्वी चालत असलेल्या पण कलियुगात टाळायच्या गोष्टींच्या याद्या. त्यांत समुद्रप्रवास कसा आला आहे हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. तिथे वर्ज्य ठरवले आहे ते नावेतून समुद्रावर गेलेल्या द्विजाला, प्रायश्चित्त घेऊन तो शुद्ध झाल्यावरही, पुन्हा व्यवहारात सामावून घेणे. म्हणजे नियमाचा रोख जाणाऱ्यापेक्षा घरी राहिलेल्यांवर आहे. गेलेला शुद्ध होऊ शकतो हे नियमालाच मान्य आहे. बंदी आहे ती मागे राहिलेल्यांनी त्याला पंक्तीला घेण्यावर. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिताना कलिवर्ज्यांचा सविस्तर विचार केला आणि एक महत्त्वाचा निष्कर्ष काढला: धर्म कधीच बदलत नाही म्हणणाऱ्यांना या याद्याच खोडून काढतात, कारण एकेकाळी विहित असलेले आचार समाजाने विचारपूर्वक सोडले याचा त्या लेखी पुरावा आहेत. त्या निष्कर्षाला मी एवढीच जोड देईन की समुद्राच्या बाबतीत हा बदल पाण्याबद्दलचा नव्हताच. तो घराच्या दाराबद्दलचा होता. ज्याच्या रोजच्या खाण्यापिण्यावर, स्नानसंध्येवर आणि संगतीवर आपली नजर नव्हती, अशा माणसाला परत घ्यायचे की नाही, हा त्यामागचा खरा पेच.

इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. कोकण किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी, दालदी पिढ्यान्पिढ्या समुद्रावर राबले. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली, पुढे आंग्र्यांचे आरमार उभे राहिले, आणि गलबते चालवणाऱ्या या खलाशांना परत आल्यावर शुद्ध करून घेण्याचा प्रश्न कधी गाजला नाही. उलट नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करणारा कोळ्यांचा धर्म समुद्राशी नाते जोडूनच उभा आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती तारवटींची, म्हणजे खलाशांचीही तीच गोष्ट. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गावागावांच्या कुडी, म्हणजे सामुदायिक निवास, त्यांनी उभ्या केल्या. जहाजाची वाट पाहणारा माणूस तिथे गावाच्या शिस्तीत राही, सामुदायिक प्रार्थनेला बसे. आता दुसरी बाजू पाहा. १७८१ मध्ये रघुनाथरावाचा वकील हनुमंतराव इंग्लंडला गेला. त्याला आपल्या आचाराप्रमाणे स्वयंपाक करता यावा म्हणून एडमंड बर्कने स्वतःकडे सोय करून दिली; तरी परतल्यावर त्याला प्रायश्चित्त चुकले नाही. शंभर वर्षांनी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत आपण अमेरिकेला का जात आहोत ते सांगितले. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हे तर त्यांनी मांडलेच. शिवाय बहिष्काराच्या भीतीचा विषयही त्यांनी स्वतःहून घेतला. त्या एप्रिलमध्ये निघाल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. या सगळ्या उदाहरणांत समुद्राचे पाणी एकच आहे. वेगळे आहे ते किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्यांचे मन.

रायपूरचा यात एक धागा आहे आणि तो साधा नाही. १८७७ च्या सुमारास, या गावाला रेल्वे येण्याआधी, नरेंद्रनाथ दत्त हा मुलगा वडिलांच्या कामामुळे इथे आला आणि दोनएक वर्षे बुढापाऱ्यात राहिला. तोच पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून 'पेनिन्शुलर' जहाजाने निघाला. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करीत जपानला पोचला आणि योकोहामाहून पॅसिफिक ओलांडून अमेरिकेला गेला. स्वामी विवेकानंदांच्या समुद्रगमनावरून परतल्यावर कलकत्त्यात वाद झाला, हे रायपूरच्या विमानतळाला त्यांचे नाव देताना कोणाच्या ध्यानातही आले नसेल. न्यूयॉर्कमध्ये कर्मयोगावर बोलताना त्यांनी महाभारताच्या वनपर्वातली व्याधाची कथा सांगितली. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण, त्याला एका गृहिणीने घरकाम आटपेपर्यंत दारात उभे केलेले, आणि तिच्याच सांगण्यावरून तो मिथिलेला एका खाटकाकडे धर्म शिकायला गेलेला. तो व्याध दुकानात मांस विकतो आहे. तो सांगतो की मी स्वतः जीव मारत नाही, मांस खात नाही, पण हा धंदा माझ्या वाट्याला आला आहे. तो मी खोटेपणा न करता करतो, कोणाचा मत्सर करत नाही, यथाशक्ती देतो, आणि घरी आईवडिलांची सेवा करतो. ज्या धर्मविचारावर आपण वाढलो, त्याने मांस विकणाऱ्याच्या तोंडून एका ब्राह्मणाला धर्म शिकवला. जहाजावर कोणाच्या ताटात काय वाढावे लागेल या प्रश्नाचे उत्तर यातच आहे, असे मी म्हणेन. वाढणाऱ्याचा धर्म ताटातल्या पदार्थाने ठरत नाही. स्वतः काय खायचे, काय प्यायचे हा त्याचा निर्णय त्याच्याच हातात राहतो.

इथे एक आक्षेप लगेच येईल आणि तो रास्त आहे. व्याधाला तो धंदा जन्माने मिळाला होता, स्वधर्म म्हणून. क्रूझ जहाजावरची नोकरी कोणाच्या कुळात चालत आलेली नाही. ती स्वखुशीने, जास्त पैशासाठी निवडलेली. मग स्वकर्माची ढाल तिच्यापुढे कशी धरता येईल? याचे उत्तर लोकमान्य टिळकांच्या गीतारहस्यात मिळते. हा ग्रंथ समुद्रापलीकडे, मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिला गेला आणि १९१५ मध्ये छापला गेला. हिंदीत तो आणला माधवराव सप्रे यांनी, म्हणजे रायपूरच्या मराठी माणसाने; 'दासबोध'ही हिंदीत त्यांनीच नेला. टिळकांचा मुद्दा असा की चातुर्वर्ण्य ही समाजाची एक व्यवस्था झाली. जिथे ती नाही तिथेही माणूस जे काम एकदा स्वीकारतो ते त्याचे कर्तव्य होते, आणि ते निष्काम बुद्धीने पार पाडणे हाच गीतेचा उपदेश. याचा अर्थ निवडीवर प्रश्नच नाही असा नव्हे. निवडताना प्रश्न विचारायचाच. पण एकदा करारावर सही करून जहाजावर पाऊल ठेवले की ते काम परके राहत नाही. सप्र्यांनी हे विचार ज्या छत्तीसगडमध्ये बसून हिंदीत उतरवले, तिथल्या मराठी घरांनी तरी जन्मावर अडून बसू नये. जन्माने चालत आलेला धंदा आज त्यांच्यातल्या किती जणांकडे उरला आहे?

यापेक्षा कठीण आक्षेप बौद्ध विचाराकडून येतो. सम्यक् आजीविकेचा विचार करताना अंगुत्तर निकायाने उपासकाला पाच व्यापार निषिद्ध सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. नागपूरच्या दीक्षेनंतर हा धम्म लाखो मराठी घरांचा झाला आहे, त्यामुळे हा आक्षेप आपल्या घरातलाच आहे. व्याधाची कथा सांगून तो टाळता येत नाही, कारण इथे मांसाचा व्यापारच नाकारला आहे. मला वाटते, हा निषेध ज्यावर बोट ठेवतो ते बोट खरे आहे: दुसऱ्याच्या घाताच्या वाढीत माझ्या लाभाची वाढ असणे. व्यापाऱ्याचे तसे असते. मद्य जास्त खपले की तो जास्त कमावतो. केबिन साफ करणारा, भाजी चिरणारा, रिसेप्शनवर बसणारा त्यात मोडत नाही. ठरावीक पगारावर प्याला पुढे करणारा काठावर उभा आहे. पण ज्याची कमाई विक्रीच्या आकड्याशी बांधलेली आहे, ज्याने शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला आणखी एक पेला घ्यायला लावायचा आहे, किंवा जो जहाजाच्या कॅसिनोत हरणाऱ्याला टेबलाशी बसवून ठेवतो, त्याच्यावर हा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो. द्यूताने काय होते हे सांगायला महाभारताचे सभापर्व पुरेसे आहे. म्हणून माझा निष्कर्ष सरसकट नाही. जहाजावरच्या सगळ्या नोकऱ्या धर्माच्या दृष्टीने सारख्या नाहीत. ज्याला ही टोचणी आहे त्याने अर्ज करतानाच विभाग निवडावा. किचन, हाउसकीपिंग, लाँड्री, इंजिन अशी कामे मोजली तर माणसाला निवडीला बऱ्यापैकी वाव मिळतो.

पैसे घेऊन केलेल्या आतिथ्याला सेवा म्हणावे का, हा आणखी एक संशय. अतिथीला देव माना असे तैत्तिरीय उपनिषद सांगते, पण तिथला अतिथी तिकीट काढून आलेला नाही. ठरल्याप्रमाणे हसणे, मग आतून वाटो न वाटो, यात देवाचा संबंध कुठे? वारकरी परंपरेने हा संशय फार पूर्वीच ऐकलेला असावा, असे तिच्या संतांकडे पाहून वाटते. सावता मळा राखत होता, गोरा मडकी घडवत होता, नामदेवांच्या घरी शिवणकाम होते. आणि सेना न्हावी मोबदला घेऊन दुसऱ्यांच्या शरीराची सेवा करीत होता. सेनाची जी कथा सांगतात ती नीट ऐकली पाहिजे. पूजेत रंगल्यामुळे त्याला राजाकडे जायला उशीर झाला, आणि देवच त्याचे रूप घेऊन राजाची हजामत करून आला. देवाने सेनाची पूजा पुरी केली नाही. त्याचे अडलेले काम पुरे केले. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडी वाहणारा आणि राजसूय यज्ञात उष्ट्या पत्रावळी काढणारा देव हाच. या कथा घडल्या की नाही हा वेगळा प्रश्न, पण त्या रचणाऱ्या आणि शतकानुशतके कीर्तनातून ऐकणाऱ्या समाजाने काय मान्य केले ते त्यांतून कळते. उष्टी ताटे उचलणे, दुसऱ्याचे अंथरूण घालणे, त्याचे संडास धुणे यांत हीनपणा नाही, हे त्याने मान्य केले, निदान कथेत तरी मान्य केले. रोजच्या वागण्यात ही कामे एकाच जातीच्या गळ्यात घालणारा समाजही तोच होता. जहाजावर वरच्या जातीतला पदवीधर मुलगा परक्याचे बाथरूम घासतो, तेव्हा त्या विसंगतीला एक बारीक तडा जातो. मला ही या नोकरीची धार्मिक दृष्टीने सर्वांत मोलाची बाजू वाटते, आणि घरची माणसे नेमकी तीच शेजाऱ्यांपासून लपवतात याचे वाईट वाटते.

जहाज म्हणजे बंधने सुटलेले जग, ही समजूतही तपासायला हवी. नव्याने रुजू होणाऱ्याला ताट कसे धरायचे हे शिकण्याआधीच जीव वाचवण्याचे शिक्षण घ्यावे लागते. पाण्यात तग धरणे, आग विझवणे, प्रथमोपचार, व्यक्तिगत सुरक्षा आणि सामाजिक जबाबदारी, सुरक्षाविषयक प्रशिक्षण. या अभ्यासक्रमांशिवाय त्याचे सीडीसी म्हणजे खलाशाचे नोंदणीपुस्तक पुढे सरकत नाही. जहाजावर चढल्यावर संकटकाळात त्याने कुठल्या मस्टर स्टेशनवर उभे राहायचे, कुठल्या लाइफबोटीशी त्याचा संबंध, कोणत्या मजल्यावरच्या प्रवाशांना बाहेर काढायचे, हे भांडी घासणाऱ्यापासून वादकापर्यंत प्रत्येकाला नेमून दिलेले असते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीजवळ जिल्यो बेटाच्या खडकाला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आपटले तेव्हा जहाजावर चार हजारांहून अधिक माणसे होती. बत्तीस जण दगावले. कप्तान प्रवासी आत असताना जहाज सोडून गेला, आणि पुढे त्याला सोळा वर्षांची शिक्षा झाली. मृतांमध्ये मुंबईचा एक वेटरही होता. त्याचे अवशेष सापडायला जवळजवळ तीन वर्षे लागली. त्या दुर्घटनेनंतर नियम बदलला आणि प्रवाशांचा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. अनोळखी माणसाच्या जिवाचा भार नावानिशी अंगावर असणे, आणि तो सोडून पळणाऱ्याला जगाने गुन्हेगार मानणे, याला धर्म म्हणायचे नसेल तर धर्म कशाला म्हणायचे? रायपूरच्या एखाद्या कार्यालयात बसून आयुष्य काढणाऱ्याच्या वाट्याला इतकी स्पष्ट जबाबदारी क्वचितच येते.

पण इथेच सावध राहायला हवे, कारण कर्माला पूजा म्हणणारा विचार मालकाच्या फार सोयीचा असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' जहाज अडकले. ३,७११ माणसे जहाजावर होती, त्यांत हजाराहून अधिक कर्मचारी, आणि त्या कर्मचाऱ्यांत १३२ भारतीय. प्रवाशांना आपापल्या खोलीत थांबायला सांगितले गेले. कर्मचारी मात्र दोघातिघांच्या केबिनमध्ये एकत्र झोपत, एकत्र जेवत राहिले आणि दारोदार जेवण पोचवत राहिले. बाधितांची संख्या ७१२ पर्यंत गेली. त्या दिवसांत ज्यांनी थाळ्या वाहिल्या त्यांचे काम कर्मयोगच होते, असे मी मनापासून म्हणेन. पण ज्यांनी त्यांना विलगीकरण नाकारले त्यांची बाजू त्यामुळे उजळ होत नाही. एकाच्या निष्कामपणाचा आधार घेऊन दुसऱ्याने आपले कर्तव्य टाळावे असे गीतेत कुठे नाही. २००६ च्या सागरी कामगार कराराने, जो भारताने २०१५ मध्ये मान्य केला, कामाची मर्यादा घातली: एक तर चोवीस तासांत चौदा आणि सात दिवसांत बहात्तर तासांहून जास्त काम नाही, किंवा चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्याला सत्त्याहत्तर तास विश्रांती. ही मर्यादाही जमिनीवरच्या माणसाला धक्का देणारी आहे. त्याच कराराप्रमाणे नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, नोंदणीपुस्तक आणि पासपोर्ट एवढाच खर्च त्याच्या वाट्याचा. समुद्रापासून दूरच्या गावांतल्या मुलांना हे माहीत नसते, आणि परवाना नसलेला एजंट लाखांत आकडा सांगतो तेव्हा घरचे दागिने मोडले जातात. हक्क मागणे म्हणजे फळाची आसक्ती, असे कोणी अध्यात्माच्या भाषेत समजावू लागले तर ते ऐकू नये.

आता त्या एका प्रश्नाकडे येतो, जो मला सुरुवातीपासून नेमका वाटला आहे: आमचे काय? व्याधाची कथा आपण अर्धीच ऐकली. व्याध कौशिकाला घरात नेतो, आपले वृद्ध आईवडील दाखवतो आणि म्हणतो की हेच माझे देव. मग तो कौशिकाला सुनावतो की वेदाध्ययनाच्या ओढीने तू आईवडिलांना न विचारता निघून आलास, तुझ्या शोकाने ते आंधळे झाले आहेत, आधी परत जा. ज्या कथेने वाढणाऱ्याचे हात निर्दोष ठरवले तीच कथा दूर गेलेल्या मुलाला दोषी ठरवते. पंढरपूरचा पुंडलिक तर आईवडिलांच्या सेवेतून उठला नाही, देवालाच विटेवर थांबवले. मराठी मनाच्या गाभ्याशीच ही मूर्ती उभी आहे. नऊ महिने समुद्रावर असलेला मुलगा पुंडलिक होऊ शकत नाही. पैसे पाठवून हे ऋण फिटते असे म्हणणे मला पटत नाही. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाला बँकेतला आकडा उठून पाणी देत नाही.

तरीही या आक्षेपाने नोकरी अधर्म्य ठरते असे मला वाटत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की हा प्रश्न विचारणारी घरेच कोणाच्या तरी निघून येण्याने वसली आहेत. बिंबाजी भोसल्यांच्या अठराव्या शतकातल्या अमलापासून कारकून, सरदार, पुरोहित नागपूरकडून इकडे आले. पुढे रेल्वे आली, वकिली आली, १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि पुन्हा माणसे आली. त्यांच्या मागेही कोकणात, वऱ्हाडात, पुण्याकडे म्हातारे आईवडील होतेच. पणजोबांचे जाणे कर्तबगारी आणि पणतूचे जाणे कृतघ्नपणा, असा न्याय होत नाही. दुसरे कारण शास्त्रातच आहे. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधू' अठराव्या शतकाच्या अखेरचा. मराठी घरांत सुतकाचे निर्णय अजूनही त्याच्या आधाराने होतात. आईवडील गेल्याची बातमी दूर असलेल्या मुलाला कधीही कळो, ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून त्याने पूर्ण दहा दिवस सुतक पाळावे, असा नियम धर्मशास्त्रात रूढ आहे. इतर नातलगांसाठी उशिराने कळल्यास दिवस कमी होतात, आईवडिलांसाठी होत नाहीत. हा नियम करणाऱ्यांना ठाऊक होते की मुलगे दूर असतील, वेळेवर पोचणार नाहीत. त्यांनी त्या दूरपणाला पाप म्हटले नाही, आणि अंतराने नाते सैल होते असेही मानले नाही.

म्हणून सही करण्याआधी घरात जे बोलणे व्हायला हवे ते ताटातल्या मांसाबद्दलचे नव्हे. दवाखान्याच्या कागदांवर कोण सही करील? भाऊ, बहीण, शेजारी यांपैकी कोणाला काय सांगून ठेवले आहे? मुलगी समुद्रावर असेल तर अग्नी द्यायला ती येईपर्यंत थांबायचे, की पुतण्याने द्यायचा? हे स्पष्ट बोलायला आपल्याकडे अशुभ मानतात, आणि मग ती जबाबदारी न विचारता एखाद्या सुनेच्या किंवा धाकट्या भावाच्या अंगावर पडते. जाणाऱ्याने ती नावानिशी सोपवली पाहिजे, जशी जहाजावर लाइफबोट सोपवतात. आणि राहणाऱ्यांवरही भार आहे. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था गणेशोत्सव, नाटके, वधूवर मेळावे उत्साहाने करतात. ज्यांची मुले समुद्रावर आहेत अशा घरांत आठवड्यातून एकदा कोणी जाऊन येणे हे त्यांच्या कार्यक्रमात बसायला हरकत नाही. करार संपवून आलेला मुलगा दोन महिने घरी असतो. तिथे त्याने काय खाल्ले याची चौकशी पंगतीत करून, किंवा बाथरूम घासणारा म्हणून लग्नाच्या बाजारात त्याची किंमत कमी करून, आपण कलिवर्ज्याचा तोच जुना नियम वेगळ्या कपड्यांत चालवतो: शुद्ध झालेल्यालाही आत न घेण्याचा. गेलेल्या माणसाने आपले ऋण विसरू नये, ही अपेक्षा करण्याचा अधिकार त्याला परत आत घेणाऱ्यांनाच आहे.